एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स बसवताना
दोन्ही प्रणाली नव्याने टाकायच्या असतील तर आधी विंडोज आणि मग लिनक्स हा क्रम ठेवा, कारण लिनक्ससोबत येणारा ग्रब हा बूटलोडर (संगणक चालू होताना प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) विंडोजला ओळखून आपल्या यादीत घेऊ शकतो, विंडोज मात्र लिनक्सची अशी दखल घेत नाही. त्याआधी महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा आणि त्यातली एखादी फाईल खरोखर उघडते का, हेही तपासा.

सर्वाधिक काळजी विंडोजच्या बाजूने घ्यावी लागते. बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. बूटची मांडणी बदलल्यावर विंडोज ती मागू शकते आणि ती हाताशी नसेल तर आतला डेटा कायमचा बंद होतो. फास्ट स्टार्टअपही बंद करा, कारण ते चालू असताना विंडोज पूर्णपणे बंद होत नाही, आणि अशा अर्धवट मिटलेल्या पार्टिशनवर (डिस्कच्या भागावर) लिनक्समधून काही लिहिल्यास फायली बिघडण्याचा धोका असतो. लिनक्ससाठी जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी करावी, असे माझे ठाम मत आहे. ५० जीबी सुरुवातीला पुरते.

लिनक्सचा इन्स्टॉलर यूईएफआय (संगणक सुरू करण्याची आजची पद्धत) पद्धतीनेच सुरू करा. जुने ईएफआय पार्टिशन तसेच वापरा, फॉरमॅट करू नका. विंडोजचा बूटलोडर तिथेच असतो. नंतर घड्याळात फरक दिसला तर घाबरू नका: विंडोज हार्डवेअरच्या घड्याळात स्थानिक वेळ धरते, लिनक्स सहसा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), आणि एका बाजूची सेटिंग बदलली की दोन्हींचा मेळ बसतो.