चिंच 'इंडिका' का, 'इंडिकस' का नाही? लॅटिन प्रत्ययांविषयी प्रश्नोत्तरे

परीक्षा जवळ आल्या की वनस्पतिशास्त्राच्या, आयुर्वेदाच्या आणि मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या मुलांचे प्रश्न येऊ लागतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, हल्याळ, गाव कुठलेही असो, घोडे एकाच ठिकाणी अडलेले असते: लॅटिन नामाला आणि विशेषणाला कोणता प्रत्यय लावायचा आणि तो लक्षात कसा ठेवायचा. म्हणून यातले काही प्रश्न एकत्र घेतो.

बी.एस्सी.साठी लॅटिनचे पाचही विभक्तिगण (सारखे प्रत्यय घेणाऱ्या नामांचे गट) पाठ करावे लागतात का? (विद्यार्थिनी, खानापूर)

नाही. वनस्पतींच्या नावांपुरती प्रथमा आणि षष्ठी आली तरी काम भागते. तुमच्या अभ्यासक्रमात आणखी काही आहे का, ते विभागात विचारून घ्या.

आमच्या नोट्समध्ये चिंचेचे नाव 'टॅमॅरिंडस इंडिकस' आहे आणि पुस्तकात 'टॅमॅरिंडस इंडिका'. 'अस'ला 'अस'च जुळणार ना? (विद्यार्थी, निपाणी)

पुस्तक बरोबर आहे. नोट्समधले नाव आजच खोडा.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी समजूत हीच आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो. वर्गात 'अस, आ, अम' (अनुक्रमे पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी) हा तक्ता फळ्यावर येतो. उदाहरणे कोणती? काकडी क्युक्युमिस सटायव्हस, भात ओरायझा सटायव्हा, लसूण अ‍ॅलियम सटायव्हम. उदाहरणे उत्तम आहेत, कारण एकच विशेषण तीन लिंगांत दिसते. पण भात आणि लसूण यांच्या नावांत नामाचा आणि विशेषणाचा शेवट ऐकायला सारखा लागतो, आणि मुले नियम बांधून मोकळी होतात की यमक जुळवायचे. घात इथेच होतो. विशेषण नामाच्या लिंगाकडे बघते, त्याच्या आवाजाकडे नाही.

हे मराठी मुलाला कळायला अवघड जाऊ नये. मोठा दगड, मोठी भिंत, मोठं घर. दगड, भिंत, घर या तिन्ही शब्दांच्या शेवटी काही वेगळे ऐकू येते का? तरी आपण 'मोठी दगड' म्हणत नाही. कन्नड माध्यमातून आलेल्या मुलांना मात्र इथे खरोखर जास्त कष्ट पडतात. दोड्ड कल्लु, दोड्ड गोडे, दोड्ड मने: विशेषण जागचे हलत नाही. त्यांना 'सोपे तर आहे' म्हणून गप्प करणाऱ्या शिक्षकांचा मला राग येतो.

आता चिंच. लॅटिनमध्ये झाडांची बरीच नावे 'अस'ने संपूनही स्त्रीलिंगी असतात. म्हणून टॅमॅरिंडस इंडिका, पिंपळ फायकस रिलिजिओसा, उंबर फायकस रेसिमोसा. संस्कृत शिकलेली मुले इथे हमखास फसतात, कारण त्यांच्या डोक्यात 'वृक्षः' पुल्लिंगी बसलेला असतो. पण म्हणून 'झाड आले की स्त्रीलिंग' असा नवा मंत्रही धरू नका. फणस आर्टोकार्पस हेटेरोफायलस आहे. त्यातला 'कार्पस' हा ग्रीक शब्द पुल्लिंगी, म्हणून ते नावही पुल्लिंगी.

काही विशेषणे आपल्या 'लाल'सारखी असतात. लाल फेटा, लाल टोपी, लाल फूल, काही फरक नाही. आपल्याकडच्या ज्वारीचे आजचे नाव सोर्घम बायकलर. 'बायकलर' तिन्ही लिंगांत तसाच राहतो. ज्वारीचे जुने नाव सोर्घम व्हल्गारे होते. तिथे पुल्लिंगी-स्त्रीलिंगी 'व्हल्गॅरिस'चे नपुंसकलिंगी 'व्हल्गारे' झाले, कारण सोर्घम नपुंसकलिंगी. काजूचे अ‍ॅनाकार्डियम ऑक्सिडेंटाले याच जातीचे.

आणि काही नावांत दुसरे पद, म्हणजे दुसरा शब्द, विशेषण नसतेच. ऊस सॅकॅरम ऑफिसिनॅरम: हे षष्ठीचे अनेकवचन आहे, लिंगाप्रमाणे बदलणार नाही. आल्याच्या झिंजिबर ऑफिसिनालेतले 'ऑफिसिनाले' मात्र विशेषण आहे. रताळ्याच्या आयपोमिया बटाटासमधले 'बटाटास' सरळ नाम आहे.

नियम चालताना बघायचा असेल तर दारातली सदाफुली घ्या. ती व्हिंका या स्त्रीलिंगी प्रजातीत (जीनसमध्ये, म्हणजे नावाचे पहिले पद) होती तेव्हा व्हिंका रोझिया. पुढे ती कॅथरँथस या पुल्लिंगी प्रजातीत गेली आणि कॅथरँथस रोझियस झाली. झाड तेच, रंग तोच, प्रत्यय तेवढा बदलला. ही एक जोडी समजली तर निम्मा तक्ता समजला.

म्हणून सुटे प्रत्यय घोकू नका. वहीत एका ओळीत मराठी नाव, प्रजातीचे नाव, तिचे लिंग आणि मग दुसरे पद लिहा. शेवटचे अक्षर अंगठ्याने झाका आणि फक्त लिंग बघून प्रत्यय सांगा. सुरुवात रोज दिसणाऱ्या झाडांपासून करा. लिंग अंदाजाने लिहायचे नाही. ज्याची खात्री नाही ती ओळ रिकामी ठेवा आणि शिक्षकांकडून भरून घ्या.

'न्यूक्लियस'चे 'न्यूक्लिआय', तर 'कॉर्पस'चे 'कॉर्पाय' का नाही? (मेडिकल, पहिले वर्ष, बेळगाव)

कारण गण वेगळा आहे. गण प्रथमेवरून ठरत नाही, षष्ठीवरून ठरतो. न्यूक्लियसची षष्ठी न्यूक्लिआय, कॉर्पसची कॉर्पोरिस. म्हणून अनेकवचन कॉर्पोरा. तसेच जीनस, जेनेरिस, जेनेरा. प्रत्येक नाम षष्ठीसकट पाठ करा. शब्दकोशात ती शेजारीच दिलेली असते, पण मुले तिकडे बघत नाहीत.

लॅटिन संस्कृतातूनच निघाली, त्यामुळे संस्कृत येणाऱ्याला ती वेगळी शिकावी लागत नाही, असे ऐकले. (वाचक, शहापूर)

चुकीचे ऐकले. भाषांचा अभ्यासक विल्यम जोन्स याने 1786 साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे असे मांडले. बहिणी आहेत, आई-मुलगी नव्हेत. संस्कृतचा फायदा नक्की होतो: 'वनम्'ची प्रथमा आणि द्वितीया सारखी, तसेच लॅटिनच्या नपुंसकलिंगी नामांतही. पण लिंगे उसनी घेता येत नाहीत, हे वर चिंचेत पाहिलेच.

'21 दिवसांत लॅटिन'चा कोर्स आणि लॅमिनेट केलेले तक्ते मुलीसाठी घ्यावेत का? (पालक, टिळकवाडी)

घेऊ नका. हे तक्ते व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकात असतात, आणि '21 दिवस' हा आकडा जाहिरातवाल्यांनी काढलेला आहे. पैसे भरण्याआधी मुलीच्या प्राध्यापकांना एकदा भेटा.

वडिलांच्या गोळीपुढे 'ओडी' लिहिले आहे आणि डोळ्यांच्या थेंबांपुढेही 'ओडी'. दोन्हीचा अर्थ दिवसातून एकदाच ना? (हल्याळ)

असे धरून चालू नका. गोळीपुढे 'ओडी' म्हणजे सहसा रोज एकदा. डोळ्यांच्या औषधापुढे तेच 'ऑक्युलस डेक्स्टर', म्हणजे उजवा डोळा, असू शकते. ते थेंब किती वेळा घालायचे हे मग वेगळे लिहिलेले असते. माझ्या उत्तरावर विसंबून औषध देऊ नका. चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे किंवा औषध दिलेल्या दुकानातल्या फार्मासिस्टकडे आजच जा.

2012 पासून नव्या वनस्पतीचे वर्णन इंग्रजीतही चालते. मग लॅटिन कशाला? (एम.एस्सी., बेळगाव)

वर्णन चालते. नावाला मात्र लॅटिनचेच नियम आहेत आणि चुकलेला प्रत्यय दुरुस्त केला जातो. भीमगडच्या रानात तुम्हाला काही नवे सापडले, तर छापायला देण्याआधी नाव जाणकाराला दाखवा.

परीक्षा आठ दिवसांवर आली आहे, काहीच पाठ नाही. (विद्यार्थी, खानापूर)

वर्षभर काय केलेत हे विचारत नाही. पूर्ण तक्त्याच्या मागे आता लागू नका. प्रात्यक्षिकाच्या यादीतली नावे घ्या, प्रत्येकापुढे लिंग लिहा आणि ती यादी उद्याच्या उद्या सरांकडून तपासून घ्या. न तपासता पाठ केलेली चूक पुढच्या वर्षीही तशीच्या तशी आठवते, आणि तेव्हा ती काढायला दुप्पट वेळ जातो.