टीव्हीवरचा मगरीवाला साध्या प्राणीप्रेमीला नेमकं काय देतो?

तुम्ही विचारलंय की वन्यजीवांसाठी झटणारी टीव्हीवरची माणसं बघून आपल्यासारख्या साध्या प्राणीप्रेमींना खरंच काही मिळतं, की घटकाभर करमणूक होते आणि विषय तिथेच संपतो? आणि मिळत असेल तर पुढे त्याचं करायचं काय?

मिळतं. मला मिळालं ते स्टीव्ह इर्विनकडून, म्हणून त्याच्याबद्दलच लिहिते. खाकी शर्ट, खाकी हाफ पँट, डोळे विस्फारून ‘क्राइकी!’ म्हणणारा तोच तो ऑस्ट्रेलियन. १९९६ साली त्याची ‘द क्रोकोडाइल हंटर’ ही मालिका सुरू झाली आणि पुढे शंभराहून अधिक देशांत दिसली. नावात ‘हंटर’ असलं तरी हा माणूस शिकारीच्या कट्टर विरोधात होता. मगरीच्या कातड्याच्या वस्तू घेऊ नका, असं तो उघडपणे सांगायचा.

वाघाच्या बछड्यावर प्रेम करायला कुणाची शिफारस लागत नाही. पांडा, डॉल्फिन, हत्तीचं पिल्लू यांचंही तसंच. इर्विनने वकीलपत्र घेतलं ते मगर, विषारी साप आणि घोरपडींचं. ज्यांना बघून लोक आधी दगड शोधतात, त्यांचं. खाऱ्या पाण्यातली मगर दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियात कातड्यासाठी बेसुमार मारली गेली. तिथल्या क्वीन्सलंड राज्यात तिला कायद्याचं संरक्षण मिळालं ते १९७४ साली. कायद्याने बंदूक थांबते, पण किळस काही जात नाही. ते काम या माणसाने टीव्हीवरून केलं. मगरीची मादी घरट्यावर पहारा देते, अंड्यांतून पिल्लांचा आवाज आला की घरटं उकरते आणि ज्या जबड्याने रानडुकराचं हाड मोडतं, त्याच जबड्यात पिल्लं अलगद धरून पाण्यात नेऊन सोडते. हे तो सांगायचा तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असे. बारशाला आलेल्या मामासारखा.

माझ्या वाट्याला मगर कुठून येणार? माझ्या वाट्याला आली पाल. दिव्याच्या उजेडात खिडकीच्या काचेवर बाहेरून बसलेली पाल आतून नीट बघा, पोटाची बाजू दिसते. बोटांच्या तळाशी आडव्या पट्ट्या असतात. त्यांवरच्या, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या केसांच्या जोरावर ती गुळगुळीत काचेवर टिकते. तिला पापण्या नसतात, त्यामुळे मधूनच जीभ बाहेर काढून ती स्वतःचा डोळा पुसून घेते. मादी गाभण असेल तर पोटाच्या पातळ कातडीतून दोन पांढरी अंडी चक्क दिसतात. एवढं बघून झाल्यावर झाडू उचलायला हात धजत नाही. सुरुवातीला मी म्हटलं ते ‘मिळणं’ म्हणजे हे. टीव्हीवर जी नजर दिसते ती आपल्या घरातल्या नावडत्या जिवाकडे वळली, तर प्रेरणा मिळाली म्हणायचं. मगर बघून फक्त मगरच आवडू लागली, तर तो नुसता चाहता झाला.

चाहत्यांचं काय होऊ शकतं, तेही याच माणसाच्या गोष्टीत आहे. ४ सप्टेंबर २००६ रोजी क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळ बॅट रीफ इथे चित्रीकरण चालू असताना स्टिंगरेचा, म्हणजे पाकट माशाचा, काटा छातीत घुसून तो गेला. वय ४४. त्यानंतरच्या दिवसांत क्वीन्सलंडच्या किनाऱ्यांवर काही पाकट मेलेले सापडले, त्यातल्या काहींच्या शेपट्या कापलेल्या होत्या. कुणीतरी सूड घेतला असावा, असं बोललं गेलं. त्याच्याच संस्थेच्या माणसाला पुढे येऊन सांगावं लागलं की स्टीव्हला हे मुळीच रुचलं नसतं. पाकट स्वतःहून हल्ला करत नाही, अडकल्यासारखं वाटलं की शेपटी उगारतो. सगळा जन्म ज्याने हेच समजावलं, त्याच्या नावाने हे व्हावं!

त्याच्यावर टीकाही बरीच झाली. प्राण्यांच्या फार जवळ जातो, उगाच हात लावतो, त्यांना त्रास होतो, असं जाणकार म्हणायचे. मला ही टीका बरीचशी पटते. २००४ साली महिन्याभराच्या मुलाला एका हातात घेऊन त्याने दुसऱ्या हाताने मगरीला खायला घातलं, तेव्हा जगभरातून बोलणी खाल्ली, आणि ती खायलाच हवी होती. पण एक लक्षात घ्या. सहाव्या वाढदिवसाला त्याला भेट म्हणून अजगर मिळाला होता. आईवडिलांनी १९७० साली क्वीन्सलंडमध्ये बीरवा इथे सरपटणाऱ्या प्राण्यांचं छोटं उद्यान काढलं, तिथे तो लहानाचा मोठा झाला. ती हातोटी मालिका बघून येत नाही. त्याचं बघून साप हातात धरायला जाणाऱ्यांना मी हात जोडते.

कॅमेऱ्यात झेप दिसते. झेपेच्या अलीकडचं आणि पलीकडचं काम मला जास्त मोलाचं वाटतं. ऐंशीच्या दशकात लोकवस्तीजवळ आलेल्या मगरींना गोळी घालण्याऐवजी जिवंत पकडून हलवण्याच्या सरकारी कामात तो स्वयंसेवक होता. नदीकाठी महिनोन्‌महिने मुक्काम, चिखल आणि डास. मगर सापळ्यात आली की आधी जबडा बांधायचा. मिटण्याचे स्नायू प्रचंड ताकदीचे असले तरी उघडण्याचे कमजोर असतात, म्हणून दोरी किंवा चिकटपट्टीही पुरते. मग डोळ्यांवर कापड टाकायचं, की जनावर शांत होतं.

पुढे क्वीन्सलंड विद्यापीठाच्या संशोधकांबरोबर त्याने मगरींवर उपग्रहाशी जोडलेले ट्रान्समीटर बसवले. त्या अभ्यासाचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, २००७ साली प्रसिद्ध झाला, लेखकांत त्याचं नाव आहे. क्वीन्सलंडच्या उत्तर टोकाला असलेल्या केप यॉर्क द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावरची एक मोठी मगर हेलिकॉप्टरने पूर्व किनाऱ्यावर नेऊन सोडली होती. काही महिने ती तिथेच आसपास राहिली आणि मग निघाली. द्वीपकल्पाच्या टोकाला वळसा घालून ४०० किलोमीटरहून अधिक अंतर वीस दिवसांत पोहून स्वतःच्या नदीत परत! म्हणजे ‘उचलून लांब सोडून आलो’ म्हणजे वाचवलं, असं होत नाही. ज्याने आयुष्यभर मगरी उचलून हलवल्या, त्याच्याच अभ्यासातून हे निघावं, आणि ते छापलंही जावं, याचं मला फार कौतुक वाटतं. आपल्याकडून प्राण्यांचं होणारं नुकसान पुष्कळदा याच समजुतीतून होतं. जमिनीवर फडफडणारं पक्ष्याचं पिल्लू दिसलं की लोक खोक्यात घालून घरी आणतात. अंगावर पिसं आलेली असतील तर ते बहुधा उडायला शिकत असतं आणि आईबाप जवळच असतात. त्याला तिथेच राहू द्यावं, मांजर-कुत्रं फिरत असेल तर जवळच्या झुडपात ठेवावं, आणि आपण दूर व्हावं. जखमी असेल तर गोष्ट वेगळी.

पुढे करायचं काय, तर बऱ्याचशा गोष्टी घरबसल्या होतात. जवळच्या प्राणी बचाव संस्थेचा आणि वन्यप्राणी तपासणाऱ्या डॉक्टरांचा नंबर आजच फोनमध्ये घाला. ऐनवेळी शोधण्यात फार वेळ जातो. कातडं, हस्तिदंत, प्रवाळ घेऊ नका. पाळीव मांजर रात्री घरात ठेवा. आणि मोबाइलवर ‘गोंडस’ व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी थोडं थांबा. गुदगुल्या केल्यावर हात वर करणाऱ्या स्लो लोरिसचा, म्हणजे माकडाच्या दूरच्या नात्यातल्या मोठ्या डोळ्यांच्या छोट्या प्राण्याचा, व्हिडिओ कोट्यवधी लोकांनी बघितला असेल. हात वर करणं हा त्याचा बचावाचा पवित्रा आहे, कोपराजवळच्या ग्रंथीतला विषारी स्राव दातांपर्यंत नेण्यासाठी. त्याला मजा येत नसते, तो घाबरलेला असतो. असे व्हिडिओ पसरले की तो पाळायची हौस वाढते, आणि मग रानातून पकडून आणलेल्यांचे दात तोडून त्यांना विकतात.

वेळ देता येत असेल तर बचाव केंद्रात स्वयंसेवक व्हा, पण पहिल्याच दिवशी कुणी तुमच्या हातात घुबड देणार नाही. पिंजरे धुणं, चादरी वाळत घालणं, खाणं मोजून ठेवणं, नोंदवहीत वजन लिहिणं, हेच बरेच महिने चालतं. काही जण आठवड्याभरात गळतात, आणि तेच बरं. इर्विनच्या आईच्या, लिनच्या, स्मरणार्थ २००४ साली वन्यप्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं, ते अॅव्होकॅडो भरायच्या जुन्या शेडमध्ये. आज तिथे कोआला, कासवं, रस्त्यावर गाडीखाली सापडलेली कांगारू येतात. मेलेल्या मादी कांगारूच्या पिशवीत पिल्लू जिवंत असू शकतं, म्हणून तिकडे रस्त्याकडेला गाडी थांबवून पिशवी तपासायला लोकांना सांगितलं जातं. हे करायला मगरीच्या पाठीवर बसता यावं लागत नाही, गाडी थांबवावी लागते.

त्याची बायको टेरी आणि मुलं बिंडी व रॉबर्ट आता आईवडिलांच्या त्या उद्यानाचं झालेलं प्राणिसंग्रहालय आणि रुग्णालय चालवतात. मी त्यांचे कार्यक्रम बघते. मगरींना खायला घालायला रॉबर्ट पुढे झाला की मात्र माझा जीव अजूनही खालीवर होतो.