वाचकांचे प्रश्न : चुंबक परत न करणारा मित्र

प्रश्न : आमच्या शाळेच्या तुकडीतला एक मित्र गेल्या वर्षी वारला. जुन्या मोटारी विकत घेऊन, त्या बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या कारागिरांकडून दुरुस्त करवून विकणे हा त्याचा धंदा होता. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात त्याच्याविषयी मी बोलावे असे ठरले आहे. परंतु मला आठवतात त्या सगळ्या त्याच्या खोड्याच. प्रयोगशाळेतला लोहचुंबक खिशात घालून तो भूगोलाच्या तासाला सरांचे होकायंत्र फिरवीत असे आणि तो चुंबक त्याने कधीच परत केला नाही. पुढे गाडी घेताना रंगाखाली पोचे बुजवायला पुट्टी भरली आहे का, हे तो त्याच चुंबकाने पाहायचा. वहिनी आणि मुले समोर असताना असे बोलणे बरे दिसेल का? त्याने शेवटपर्यंत न विकलेली १९६८ची फियाट मेळाव्याला आणायची त्याच्या मुलाची इच्छा आहे. ते नियमात बसेल का?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : तुमचे भाषण तुमच्याच पत्रात लिहून झालेले आहे, फक्त तुम्ही त्याला प्रश्न समजत आहात. चुंबकापासून सुरुवात करा. जो मुलगा होकायंत्राला उत्तर दिशा चुकवायला लावत होता, तोच मोठेपणी रुमालात गुंडाळलेला तोच चुंबक दाराच्या खालच्या कडेवरून फिरवीत, तो कुठे चिकटतो आणि कुठे घसरतो हे गिऱ्हाइकाला दाखवत होता, यात त्याची खोडी आणि त्याचा धंदा दोन्ही आले. (चुंबक लोखंडाला धरतो, जाड पुट्टीवर त्याची पकड सुटते, रंग कितीही चकचकीत असला तरी.) अशा वेळी तो गिऱ्हाइकाला काय म्हणत असे, ते आठवून त्याच्याच शब्दांत सांगा. ‘गाडी घेताय काय पुट्टी घेताय, बघून घ्या की,’ अशा थाटाचे काही असेल, तर त्याची प्रमाण मराठी करू नका.

शोकसभेत एका स्नेह्याविषयी बोलताना मी एकदा ‘मनमिळाऊ, कष्टाळू, हसतमुख’ असे म्हणून मोकळा झालो होतो. बाहेर पडताना त्याच्या बहिणीने विचारले, ‘तुम्ही नक्की आमच्याच दादाबद्दल बोललात ना?’ तेव्हापासून मी विशेषणांना भितो. वहिनींना तो खोडकर होता हे तुमच्याहून अधिक ठाऊक असणार. मात्र दोन दिवस आधी घरी जाऊन, जे सांगणार आहात ते त्यांना ऐकवा. त्या हसल्या तर ठेवा, गप्प झाल्या तर गाळा. उधारी आणि फसलेले सौदे यांविषयीचे विनोद मात्र न विचारताच गाळावेत.

फियाटविषयी बोलताना तांत्रिक माहितीचा भार नको. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या त्या गाडीत गिअरचा दांडा स्टीअरिंगखाली असल्यामुळे पुढच्या सलग बाकड्यावर तिघे बसू शकत. तुमच्यापैकी मधला कोण असे आणि गिअर टाकताना कोणाच्या गुडघ्याला दांडा लागे, एवढे सांगितले तरी सभागृहातले निम्मे लोक त्या गाडीत जाऊन बसतील.

आता नियमाचे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा बदल न केलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. त्यामुळे म्हैसूर राज्याच्या काळातला ‘एमवाय’ने सुरू होणारा क्रमांक त्या फियाटवर असेल, तर तो पुसावा लागणार नाही. अशी नोंद झाल्यावर रोजच्या वापरासाठी गाडी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती यांसारख्या कामांसाठीच ती बाहेर निघू शकते. तुमचा मेळावा प्रदर्शनात मोडतो की नाही आणि गाडीची आजची नोंदणी चालू आहे की नाही, हे मुलाने आर.टी.ओ. कचेरीत आधी विचारून घ्यावे. अडचण दिसली, तर गाडी टेम्पोवर चढवून आणा.

आणि चुंबक अजून घरात असेल, तर तो मुलाच्या हातून त्या दिवशी शाळेला परत करवा. सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांच्या त्या पत्र्यावरून तो एकदा फिरवून झाल्यावर.