नऊचे दहा कधी होतील?

"मॅडम, माझा एच-इंडेक्स नऊ आहे."

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिने हे सांगून टाकलं. माझ्याकडे येणारी माणसं साखर सांगतात, बीपी सांगतात, मुलाचे बारावीचे टक्के सांगतात. हा आकडा (संशोधकाच्या पेपरांचा इतर लोक किती संदर्भ घेतात, त्यावरून काढतात तो) मी पहिल्यांदाच ऐकत होते. तो जास्त आहे म्हणून ती घाबरलीय की कमी आहे म्हणून, तेही मला कळेना. तसं विचारलं तर म्हणाली, "कमी. माझ्या नवऱ्याचा एकतीस आहे."

तिला आपण मेधा म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत, लिहायला तिची परवानगी आहे. वय ४३. एका संशोधन संस्थेत वनस्पतींच्या वर्गीकरणाचं काम. त्यातही गवतं आणि लव्हाळे, आणि त्यातही कोकणातल्या नि घाटमाथ्यावरच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, पावसात उगवणारे. चार महिने सडे पालथे घालायचे, उरलेले आठ हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाच्या, कपाटांपुढे भिंग लावून बसायचं.

तक्रार अशी, की पहाटे साडेचारला जाग येते आणि हात आधी मोबाईलकडे जातो. गूगल स्कॉलरवर स्वतःचं पान. आकडा कालचाच. मग दिवसभरात आणखी पंधरा-वीस वेळा तेच. एक पेपर आठ महिन्यांपासून अर्धा पडलाय, कारण लिहायला बसलं की मनात येतं, हा वाचणार कोण आणि साईट करणार, म्हणजे आपल्या पेपरात त्याचा संदर्भ देणार, कोण. बढतीची मुलाखत चार महिन्यांवर आली होती.

२०१०च्या यूजीसी नियमांनंतर एपीआयचे, म्हणजे बढतीसाठी लागणाऱ्या कामगिरीचे, गुण मोजून मेटाकुटीला आलेले प्राध्यापक मी पाहिले होते. एच-इंडेक्सवाली मेधा पहिली. तिच्यानंतर आणखी चौघं जवळपास याच वाक्यासह आले: "आकडा वाढत नाही, म्हणजे माझ्यातच काही नाही का?" म्हणून हे लिहायला घेतलं.

पहिल्या भेटीत माझं चुकलं. "आकड्याला इतकं महत्त्व नका देऊ," असं मी म्हणून बसले. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, फॉर्ममध्ये रकाना आहे. तिथे काय लिहू? महत्त्व देत नाही, असं?"

बरोबर होतं तिचं. ज्या आकड्यावर पगार, पद आणि प्रकल्पाचे पैसे ठरतात, तो क्षुल्लक आहे असं समोरच्याला सांगणं म्हणजे त्याची काळजी खोटी ठरवणं. समुपदेशकाने हा आळशीपणा करू नये. मी केला.

पुढच्या भेटीला तिला सगळे पेपर आणि प्रत्येकाची सायटेशनं, म्हणजे त्याचा किती वेळा संदर्भ घेतला गेला ते, कागदावर हाताने लिहून आणायला सांगितलं, मोठ्यापासून लहानाकडे. मलाही ते समजून घ्यायचं होतं. तिने वहीचं आखीव पान आणलं. ६४, ४१, २७, १९, १५, १२, ११, १०, ९, ८, आणि मग उतरत उतरत शून्यापर्यंत. एकूण २३ पेपर.

"आता वरून मोजा," ती म्हणाली. "नवव्या पेपरला नऊ आहेत. दहाव्याला आठ. जिथपर्यंत सायटेशन क्रमांकाइतकी किंवा जास्त, तिथपर्यंत इंडेक्स. म्हणून नऊ."

"आणि दहा व्हायला?"

तिने पेन उचललं. नवव्याला एक हवं, दहाव्याला दोन. तीन. पहिल्या पेपरची ६४ ची सहाशे चाळीस झाली तरी इंडेक्सला ढिम्म फरक पडणार नव्हता, पण कुठल्या तरी परक्या विद्यापीठात कुणी तीन ठिकाणी तिच्या दोन पेपरांचं नाव घेतलं असतं, तर ती 'दोन आकडी' झाली असती. बराच वेळ ती त्या पानाकडे बघत राहिली. हे गणित तिला माहीत नव्हतं असं नाही, ती शास्त्रज्ञ आहे. पण रोज पंधरा वेळा तिने उत्तर पाहिलं होतं, उदाहरण एकदाही सोडवलं नव्हतं.

मग मी विचारलं, यातला तुमचा लाडका कुठला? तिचं बोट खाली, पार खाली गेलं. चार सायटेशनं. सड्यांवरची गवतं फूल नसतानाही ओळखता यावीत, म्हणून सहा पावसाळे खपून केलेली 'की', म्हणजे ओळखीच्या खुणांची पायरी-पायरीने जाणारी यादी. "वनखात्यातली माणसं तिच्या झेरॉक्स घेऊन फिरतात. ओल्या होऊन चिकटल्या की परत मागतात." झेरॉक्स कुठे मोजली जात नाही. आणि ६४ वाला? बारा लेखकांचा एक आढावा, त्यात तिचं एक कोष्टक.

त्या आठवड्यात मी रात्री थोडं वाचलं. हा निर्देशांक कॅलिफोर्नियातल्या होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडला, आणि विषयाविषयात तो वेगळा पडतो हे त्याच लेखात सांगूनही ठेवलं. मेधाच्या विषयाची गोष्ट तर आणखी न्यारी. नियतकालिकाचं वजन सांगणारा 'इम्पॅक्ट फॅक्टर' काढताना गेल्या दोन वर्षांतल्या लेखांचीच सायटेशनं धरतात. आणि वनस्पतींची नावं ठरवणाऱ्यांना आजही, शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसच्या १७५३च्या ग्रंथापर्यंत मागे जावं लागतं! जिथे पावणेतीनशे वर्षांपूर्वीचं पान उलटावं लागतं, तिथे दोन वर्षांची फूटपट्टी.

याउलट सहलेखनाचा पसारा बघा. २०१५ मध्ये हिग्ज कणाच्या वस्तुमानावर एक पेपर आला, त्याला ५,१५४ लेखक होते. ३३ पानांपैकी २४ पानं नुसत्या नावांची आणि संस्थांची. ते गैर नाही, असे कण शोधणारं तेवढं मोठं यंत्र तेवढ्या हातांशिवाय चालत नाही. पण त्यातल्या प्रत्येकाच्या खात्यात तो अख्खा पेपर जमा होतो, आणि भर पावसात सड्यावर एकटीने गुडघे टेकून बसणाऱ्या बाईच्याही खात्यात एक पेपर म्हणजे एकच.

वाचलेलं डोक्यात ताजं होतं, त्यामुळे पुढच्या भेटीत मी दुसरी चूक केली. गोष्टी सांगितल्या. कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांची: पटकीचे जंतू विष सोडतात हे त्यांनी १९५९ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं, आणि कितीतरी वर्षं त्याची म्हणावी तशी दखल कुणी घेतली नाही. १९८५ मध्ये ते गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या कामाचं मोल सांगणारा लेख लिहिला तो युजीन गारफील्ड यांनी, म्हणजे सायटेशन मोजायचा धंदा ज्यांनी उभा केला त्यांनीच. मग आपले देवळालीचे कापरेकर मास्तर, शाळेत शिकवता शिकवता ६१७४ या संख्येचं कोडं सापडलेले, आणि १९७५ मध्ये गणितावर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी लिहिल्यावर जगाला कळलेले.

मेधाने सगळं ऐकून घेतलं. "मॅडम, ते दोघं थोर होते. मी थोर नाहीये. मला फक्त नापास व्हायचं नाहीये."

तेव्हापासून मी उपेक्षित थोरांच्या गोष्टी कुणाला सांगत नाही. उपेक्षा सोसायलाही आधी थोर असावं लागतं, असाच त्यांचा अर्थ समोरचा काढतो.

पण 'नापास' हा शब्द तिने दिला होता, त्याचा धागा धरला. नापास कोण करतं? फॉर्म? नवरा? थोडं थांबून तिने जे सांगितलं, त्याची मला अजिबात कल्पना नव्हती. महिन्याभरापूर्वी एका सहकाऱ्याने सुचवलं होतं, तुम्ही तुमच्या पेपरांत माझं नाव घाला, मी माझ्यात तुमचं घालतो, दोघंही एकमेकांना साईट करू, वर्षात दोघांचे आकडे सुधारतील. ती "बघू" म्हणाली होती. नाही म्हणाली नव्हती. घरी येऊन तिने कुठल्या पेपरात त्याचं नाव बसेल, याची यादीसुद्धा केली होती. मग फाडली. "ज्या हाताने मी टाइप स्पेसिमेनचं, म्हणजे जातीच्या मूळ नमुन्याचं, लेबल लिहिते, त्याच हाताने ती यादी लिहिली," ती म्हणाली. झोप गेली ती त्या दिवसापासून. आकडा तर वर्षभर नऊच होता.

म्हणजे पहाटेचा मोबाईल हा आकडा बघायला नव्हताच. मोह अजून आहे की गेला, याची ती रोज परीक्षा घेत होती. दहा झाले असते, तर त्या सहकाऱ्याची गरजच संपली असती.

इथून काम सोपं झालं, निदान सरळ तरी. सहकाऱ्याला स्पष्ट नाही कळवायचं, हे तिने स्वतःच ठरवलं. दोन ओळींचा मेसेज लिहायला तीन दिवस घेतले. उत्तर आलं: "ओके मॅडम." एवढंच. या दोन शब्दांसाठी महिनाभर जागरण!

मग दोन वह्या केल्या. एक फॉर्मची. त्यात आकडा लिहायचा, त्याची लाज धरायची नाही, आणि शेजारी संदर्भ द्यायचा: वर्गीकरणातल्या, तेवढ्याच वर्षांच्या इतर लोकांचे आकडे काय, नव्याने वर्णन केलेल्या जाती किती, हर्बेरियमला दिलेले नमुने किती, ती 'की' कोण वापरतं, आणि बाळंतपण नि सासूबाईंच्या आजारपणात गेलेली दोन वर्षं कुठली. ही काही रड नाही. २०१५च्या लायडन जाहीरनाम्यात संशोधन मोजणाऱ्या तज्ज्ञांनीच हे सांगितलंय: विषयानुसार फरक धरा, आणि स्थानिक महत्त्वाचं चांगलं काम सांभाळा. तिच्या सड्यांपेक्षा स्थानिक आणखी काय असतं? तिने ते मुद्दे टिपणात घातले.

दुसरी वही पहाटेची. आकडा पाहिला की वेळ लिहायची आणि पाहण्याआधी मनात काय होतं ते एका ओळीत. बंदी घातली नव्हती. बंदी घातली की माणूस बाथरूममध्ये जाऊन बघतो.

नवरा एकदा आला. नॅनो-पदार्थांवर काम करणारा सज्जन माणूस. "अगं, दोन-चार पेपर काढ की पटापट," हे त्याचं जेवणाच्या टेबलावरचं वाक्य. त्याला ते प्रोत्साहन वाटत होतं. त्याच्या गटात वर्षाला आठ-दहा पेपर निघतात, बरेचसे सात-आठ जणांचे. मेधाने त्याला विचारलं, "वनस्पतीच्या नावापुढे ते नाव देणाऱ्याचं नाव लागतं, ठाऊक आहे ना?" आंब्याच्या शास्त्रीय नावापुढे 'एल.' असतं, तो लिनियस. तिने नाव दिलेल्या एका गवतापुढे तिच्या आडनावाचं लघुरूप आहे. ते नाव कुणी पूर्ण लिहिलं की तिचंही लिहिलं जातं, पण मूळ पेपर संदर्भयादीत बहुधा घालत नाहीत, म्हणून मोजणीत येत नाही. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. त्याला हे माहीत नव्हतं. तो म्हणाला, "मग त्या गवताला आपल्या घरात काय म्हणायचं?" आणि ती खूप हसली.

मुलाखतीचा निकाल त्या वर्षी तिच्या बाजूने लागला नाही. समितीतल्या एकाने टिपण नीट वाचलं होतं, बाकीच्यांनी रकाना वाचला. ती दोन आठवडे संतापलेली होती आणि मला तो संताप बरा वाटला, कारण आधीची मेधा अशा वेळी स्वतःवर चिडायची. अर्धा पेपर तिने त्याच संतापात पूर्ण केला.

शेवटच्या भेटीला पहाटेची वही घेऊन आली. सप्टेंबरचं पान उघडून दाखवलं.

सोमवार, ४:४०. पाहिलं. ९. मनात: काही नाही, सवय.
मंगळवार, नाही.
बुधवार, ६:१०. पाहिलं. ९. मनात: डबा.
गुरुवार, आंबोली. रेंज नव्हती.
शुक्रवार, आंबोली. लव्हाळा, बहुतेक नवा. फळं पिकायची आहेत, पंधरा दिवसांनी परत यायला हवं.