नव्या पलंगातून भुसा पडतो आणि दुकान तो परत घ्यायला तयार नाही, काय करावे?

तुम्ही लिहिल्याप्रमाणे, शिसवी म्हणून घेतलेल्या पलंगाखाली दोन महिन्यांतच पिठासारखा भुसा साचू लागला, 'ही तुमच्या घरातली वाळवी आहे' असे सांगून दुकानाने हात वर केले आणि ग्राहक सेवा केंद्र दर वेळी नवा तक्रार क्रमांक देऊन तुमची बोळवण करत आहे. ठाण्यातल्या एका शोरूममधून आणलेल्या पलंगाबाबत आमच्याकडेही जवळजवळ हेच घडले आणि पूर्ण रक्कम परत मिळाली, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी वाळवीचा मुद्दा निकालात काढा, कारण दुकानाचा सगळा बचाव त्यावरच उभा आहे. वाळवी जमिनीतून किंवा भिंतीतून येते आणि येताना मातीच्या नळ्या बांधत येते. तिने खाल्लेल्या लाकडात माती मिसळलेली दिसते. याउलट, टाचणीच्या डोक्याएवढी गोल, स्वच्छ कडांची भोके आणि त्यांच्या बरोबर खाली मैद्यासारख्या मऊ भुशाची लहानशी ढिगळी दिसत असेल, तर तो लाकूड पोखरणारा भुंगा आहे. त्याची मादी लाकडाच्या बाहेरच्या, पांढुरक्या, पिष्टमय भागात अंडी घालते, अळी आतल्या आत महिनोन्‌महिने लाकूड खाते आणि भोक पडते ते भुंगा बाहेर पडताना. पलंग घरी येऊन दोनच महिने झाले असताना अशी भोके दिसत असतील, तर कीड लाकडाबरोबरच आली असण्याची शक्यता फार मोठी आहे. म्हणजे लाकूड नीट वाळवून आणि प्रक्रिया करून वापरलेले नाही. आमच्या पलंगाच्या पायथ्याकडच्या आडव्या पट्टीवर अशी भोके होती. तिच्याखाली काळा कागद पसरून रात्रभरात पडलेल्या भुशाचे आणि शेजारी रुपयाचे नाणे ठेवून भोकांचे फोटो मी काढले. शिवाय कीटकनियंत्रण करणाऱ्या माणसाकडून त्याच्या लेटरहेडवर 'वाळवी नाही, भुंगा आहे. घरातील इतर लाकडात प्रादुर्भाव नाही' असे लिहून घेतले. माझ्या मते पुढची सगळी चक्रे त्या एका कागदाने फिरली.

यानंतर फोनवर बोलणे थांबवा. फोनवर बोललेले दुकान नाकारू शकते, ईमेल नाकारता येत नाही. बिलाचा क्रमांक, खरेदीची तारीख, दोष पहिल्यांदा दिसल्याची तारीख, फोटो आणि 'मला दुरुस्ती नको, पलंग बदलून द्या किंवा रक्कम परत करा' ही नेमकी मागणी एकाच पत्रात लिहून ईमेलने पाठवा आणि तेच पत्र दुकानाच्या नोंदणीकृत पत्त्यावर पोच मिळेल अशा टपालानेही धाडा. उत्तरासाठी 15 दिवसांची मुदत द्या.

या टप्प्यावर दुकान बहुधा सुतार पाठवील. तो भोकांत औषध भरील, वरून मेण आणि पॉलिश लावील आणि मोबाइलवर आलेला ओटीपी मागेल. तो ओटीपी देणे म्हणजे बऱ्याच ठिकाणी तक्रार निवारण झाल्याचे मान्य करणे असते, हे सुतार सांगत नाही. त्या बिचाऱ्यालाही ते ठाऊक नसते. त्यामुळे ओटीपी देऊ नका आणि त्याच्याजवळच्या कागदावर सही करावी लागलीच, तर सहीच्या वर 'पाहणी केली, दोष कायम आहे, बदलीची मागणी कायम आहे' असे स्वतःच्या हाताने लिहून कागदाचा फोटो काढून ठेवा. औषध भरल्यावर काही काळ भुसा पडायचा थांबतो, पण आत खोलवर अळ्या शिल्लक असतील तर तो पुन्हा पडू लागतो आणि तोवर तुमची तक्रार दफ्तरी बंद झालेली असते.

तुमच्या बिलाच्या तळाशी 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असे छापले आहे म्हणून घाबरून जाऊ नका. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 2(47) नुसार सदोष माल परत घेऊन रक्कम परत करण्यास बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर 30 दिवसांत, नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पलंग ऑनलाइन घेतला असता, तर 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच देणे आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढणे बंधनकारक ठरले असते.

मुदत उलटूनही दाद मिळाली नाही, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. हेल्पलाइन निकाल देत नाही, पण कंपनीकडे पाठपुरावा करते, आणि आमचे प्रकरण तिथेच मार्गी लागले. तिथेही सुटले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मग कंपनीचे मुख्य कार्यालय कुठेही असो. मोबदला, म्हणजे पलंगासाठी मोजलेली किंमत, 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असेही नाही, आणि कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत आहे. मसुदा लिहिणे जड वाटत असेल, तर 1975 पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेचे मार्गदर्शन जरूर घ्या.

पलंग हप्त्यांवर घेतला असेल, तर रागाच्या भरात हप्ते थांबवू नका. वाद दुकानाशी असला तरी थकबाकीची नोंद तुमच्या नावावर होते. कर्ज देणाऱ्या कंपनीला वादाची लेखी कल्पना मात्र द्या. आणि दुकानाने पलंग न्यायला टेम्पो पाठवला, तर 'दोषामुळे परत, रक्कम परत करणे बाकी' असे लिहिलेली, शिक्का मारलेली पावती हातात पडेपर्यंत पलंगाचा एक पायही दाराबाहेर जाऊ देऊ नका.