दौरा ओसरल्यावर रक्त दिलं, तर गाठ कळेल का?

आईचं डोकं अचानक ठणकायला लागतं, दरदरून घाम येतो, छाती धडधडते. बीपी 200 वर जातं आणि अर्ध्या तासात सगळं शांत. डॉक्टरांना अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीच्या) गाठीची शंका आहे. पण रक्त घेतलं तेव्हा ती ठणठणीत होती. तपासणी वाया गेली का? (रामबाग, इंदूर)

नाही. फिओक्रोमोसायटोमा ही गाठ अ‍ॅड्रिनलीन, नॉरअ‍ॅड्रिनलीन ही बीपी चढवणारी संप्रेरकं रक्तात सोडते, पण बहुधा लहर लागेल तेव्हा. मधल्या वेळात तेच मोजलं तर हाती काही लागत नाही. गाठीच्या पेशींत मात्र त्यांचं मेटानेफ्रिन नावाच्या पदार्थात रूपांतर होणं अखंड चालू असतं आणि ते रक्तात पाझरत राहतं. म्हणून रिपोर्टावर ‘प्लाझ्मा फ्री मेटानेफ्रिन’ आहे ना, एवढं बघा. नमुना नीट घेतलेला असून ते नॉर्मल असेल, तर ही गाठ नसण्याचीच दाट शक्यता.

माझं नॉर्मेटानेफ्रिन (नॉरअ‍ॅड्रिनलीनपासून होणारं मेटानेफ्रिन) मर्यादेच्या दीडपट आलंय. मायग्रेनसाठी अमिट्रिप्टिलीन घेते. लगेच सीटी स्कॅन करू? (लोकमान्यनगर, इंदूर)

थांबा. रक्त बसून दिलंत की पडून? नुसतं बसल्यानंही हा आकडा वाढतो. वीस-तीस मिनिटं उताणं पडून राहायचं आणि उठायच्या आतच रक्त द्यायचं. उपाशीपोटी जायचं, चहा-कॉफी, सिगारेट बंद. पोहे-जलेबी पळून जात नाहीत, रक्त देऊन झाल्यावर खा! तुमची गोळीही आकडा चढवते. ती बदलायची की थांबवायची हे डॉक्टरांना ठरवू द्या, परस्पर सोडू नका. गाठ असली की आकडा बहुतेकदा कितीतरी पट निघतो. दीडपटीवर मी आधी तपासणी पुन्हा करायला सांगेन. घाईनं स्कॅन केला की कधी निरुपद्रवी गाठही दिसते आणि नसता घोर मागे लागतो.

ऑफिसात फार ताण असतो. ही टेस्ट करून घेऊ? (विजयनगर, इंदूर)

नको. ही ताण मोजायची पट्टी नाही.

रिपोर्ट यायचाय. तोवर धडधडीसाठी घरात पडलेली प्रोप्रानोलॉल घेऊ? (पागनीसपागा, इंदूर)

अजिबात नको. गाठ असली आणि आधी अल्फा ब्लॉकर (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) सुरू न करता हे बीटा ब्लॉकर (धडधड कमी करणारं औषध) घेतलं, तर बीपी धोकादायक उसळू शकतं. गोळी आधीच घेतली असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा.