गोव्याच्या वाटेवर वेंगुर्ला: अर्धा दिवस नको, एक रात्र द्या

डिसेंबरात पुण्याहून गोव्याला जाताना वेंगुर्ल्यात अर्धा दिवस हाताशी आहे, सोबत आई-बाबा आणि दोन मुलं आहेत, तर काय बघून होईल, असं तुम्ही विचारलंय. माझं आजोळ वेंगुर्ल्याचं. शाळेच्या सगळ्या मे महिन्याच्या सुट्ट्या तिथं गेल्या, आताही वर्षातून दोनदा जाणं होतंच. म्हणून आधी एक विनंती करते. सकाळी पोचून दुपारी निघू नका. संध्याकाळी पोचा, मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी जेवून निघा. वेंगुर्ल्यातलं खरं बघण्यासारखं पहाटे आणि रात्री घडतं.

पहाटे म्हणजे रापण, किनाऱ्यावरून जाळं ओढून केलेली मासेमारी. उजाडायच्या सुमारास उभादांड्याच्या नाहीतर नवाबागच्या किनाऱ्यावर जा. होडी जाळं सोडत सोडत समुद्रात अर्धगोल फिरून येते. जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात, आणि दोन्हीकडची माणसं दोर ओढत एकेक पाऊल मागे सरकत राहतात. यात बराच वेळ जातो, घाई करून उठू नका. हळूहळू दोन्ही रांगा एकमेकींजवळ येतात, वर पक्षी घिरट्या घालायला लागतात, आणि जाळ्याचा मधला भाग वाळूवर आला की तारली, पेडवे, बांगडे, मध्येच एखादी कुर्ली (खेकडा), सगळं एकत्र उसळत असतं. मुलांना दोराला हात लावायचा असेल तर आधी विचारा, सहसा नाही म्हणत नाहीत. हातभार लावणाऱ्याला वाटा द्यायची तिथली जुनी रीत आहे. माझ्या धाकट्याला एकदा ओंजळभर पेडवे मिळाले, ते त्याने शर्टाच्या झोळीत घालून घरापर्यंत पळत आणले होते. मात्र रापण रोज लागतेच असं नाही. पर्ससीनच्या, म्हणजे यांत्रिक बोटींच्या मोठ्या वेढा जाळ्यांच्या, आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीने रापणकरांचे फार हाल केलेत, त्यामुळे आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावर विचारून ठेवा. जाळं रिकामं आलं तर तेवढं फोटो काढू नका.

तिथून सरळ बाजारात. मुंबईसारखं वेंगुर्ल्यातही क्रॉफर्ड मार्केट आहे, सकाळी तिथं मासळीवर माणसं तुटून पडलेली असतात. घरगुती ठिकाणी उतरलात तर आणलेली मासळी करून देतील का, ते आधीच विचारा. बांगड्याचं तिखलं, भात आणि सोलकढी एवढं मिळालं तरी पुष्कळ. आई-बाबा शाकाहारी असतील तर ओल्या काजूची उसळ डिसेंबरात मिळायची नाही. तिचा हंगाम फेब्रुवारी-मार्चपासून. घावणे आणि नारळाचा रस मात्र जरूर मागा.

डच वखार, म्हणजे डचांचं जुनं व्यापारी ठाणं, अर्ध्या तासात होते, पण चुकवू नका. सतराव्या शतकात डचांनी इथं ठाणं मांडलं ते गोव्याच्या पोर्तुगीजांच्या उशाशी बसायला मिळावं म्हणून. पुढे 1812 साली सावंतवाडीकरांकडून हे बंदर इंग्रजांकडे गेलं. बेळगावच्या छावणीचा माल इथं उतरायचा आणि आंबोलीच्या घाटाने वर चढायचा. आज वखारीला छप्पर नाही, जांभ्याच्या भिंतींत झाडांची मुळं घुसलीत. एवढी महत्त्वाची वास्तू अशी ढासळत जाताना बघून मला दर वेळी वाईट वाटतं. मुलांना भिंतींवर चढू देऊ नका.

आता रात्रीचं. डिसेंबर म्हणजे जत्रांचे दिवस, आणि जत्रा म्हणजे दशावतार, इथलं रात्रीचं लोकनाट्य. देवळात पालखीची प्रदक्षिणा झाली की मध्यरात्रीच्या पुढेमागे नाटक उभं राहतं ते पहाटेपर्यंत. हातात लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरवलेलं असतं आणि संवाद नट तिथल्या तिथं रचतात. राजाचं सिंहासन म्हणजे एक लाकडी बाक. साथीला पायपेटी, पखवाज आणि झांज. सुरू व्हायच्या तासभर आधी जा. नट आपापली पेटी उघडून, आरसा टेकवून स्वतःच रंगभूषा करत असतात. दिवसा शेतात राबणारा माणूस शांतपणे नऊवारीचा काठ जुळवतो, अंबाडा बांधतो, आणि उठून उभा राहतो तेव्हा ती राणी असते. हे मी लहानपणी आजीच्या मांडीवरून पाहिलं आणि अजूनही तेवढ्याच उत्सुकतेने बघते. मुलं झोपली तर झोपू द्या, संकासुर, म्हणजे नाटकातला गमत्या राक्षस, आला की आपोआप जागी होतील.

सकाळी वेळ उरला तर मांडवी खाडीत बचतगटाच्या बायका कांदळवनाची सफर घडवतात. स्वतः होडी वल्हवतात आणि कांदळाच्या जाती, पक्षी नावानिशी दाखवतात. वेळ भरती-ओहोटीवर ठरते, म्हणून आधी बोलून घ्या. आई-बाबांना चढ-उतार नको असेल तर सागरेश्वरच्या सुरूच्या बनात बसवा. पोहण्यासाठी मात्र तो किनारा नाही. मुलांना बंदराजवळचा झुलता पूल आवडेल. बाबांना बागेची आवड असेल तर 1957 सालापासूनचं फळ संशोधन केंद्र आहे, ‘वेंगुर्ला-4’, ‘वेंगुर्ला-7’ या काजूच्या जाती तिथल्याच. वेंगुर्ला रॉक्स, म्हणजे पाकोळ्यांच्या घरट्यांची बेटं, या खेपेला सोडा. त्याला वेगळा दिवस आणि शांत समुद्र लागतो.

निघताना हायवेला परत जाऊ नका, किनाऱ्याचा रस्ता धरा. मोचेमाड, मग आरवली. तिथं ग्रामदैवत वेतोबाला भक्त चामड्याची भलीमोठी पायताणं आणि केळ्यांचे घड वाहतात. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून पायताणं झिजतात, ही तिथली श्रद्धा आहे. पुढे शिरोडा. मे 1930 मध्ये इथं मिठाचा सत्याग्रह झाला, आणि वि. स. खांडेकर 1920 पासून अठरा वर्षं इथल्याच शाळेत शिक्षक होते. मिठागरं रस्त्यावरूनही दिसतात. मग रेडी, तिथला 1976 साली खाणीत सापडलेला द्विभुज गणपती, आणि तेरेखोलच्या फेरीबोटीतून गाडीसकट गोव्यात. फेरीच्या वेळा तेवढ्या आदल्या दिवशी विचारा.

तुमच्या तारखा नक्की झाल्या की इथंच कळवा. त्या आठवड्यात कुठल्या गावाची जत्रा आहे, ते मामाला विचारून सांगते.